सनावळीच्या पट्टीबद्दल थोडं

इतिहासातल्या सनावळ्या पाठ होऊनही मुलं शिवाजी महाराज आणि बाजीराव एकाच काळातले समजतात. बहुतेकदा कारण असं, की घटनांची कार्डं भिंतीवर समान अंतराने लावलेली असतात. अंतर मोजूनच ठेवा. बिलाच्या मशीनचा कागदी रोल घ्या, 1 सेंमी म्हणजे 1 वर्ष. 1290 ची ज्ञानेश्वरी ते 1818 मधला पेशवाईचा अस्त म्हणजे 5 मीटर 28 सेंमी, त्यामुळे पट्टी व्हरांड्यात किंवा दोन खोल्यांतून न्यावी लागते. पट्टीवर मधोमध रेघ ओढा; रेघेच्या वर ग्रंथ, खाली घटना. ज्ञानेश्वरीपासून शिवजन्म 3 मीटर 40 सेंमीवर येतो, हे चालत गेल्यावरच कळतं!

शकाचं इसवी सनात रूपांतर करताना नेहमी 78 मिळवू नका. ज्ञानेश्वरीचा शके 1212 म्हणजे 1290, हे ठीक. पण शिवजन्म शके 1551 च्या फाल्गुनातला, 78 मिळवले तर 1629 येतं. जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या तिथीला 79 मिळवायचे, म्हणजे 1630.

वाचनाला पसायदानाच्या 9 ओव्या घ्या, रोज एकच. आधी तीनदा मोठ्याने वाचा, अर्थ नंतर. पहिल्या तीन चरणांचं यमक आणि आखूड चौथा चरण मुलांना स्वतः ओळखू द्या. अडखळायला होतं ते अनोळखी शब्दांपेक्षा ओळखीच्या शब्दांवर. ‘सांडो’ ऐकून मुलांना दूध सांडल्याचं आठवतं, तिथे अर्थ ‘सुटो, जावो’ असा आहे. असे शब्द वहीत वेगळे लिहून ठेवा.