मदत हवी आहे: मराठी माध्यमाच्या मुलांना लॅटिन धातू कसे शिकवावेत?

नमस्कार मंडळी,
परळला घरीच आठवी-नववीच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घेते. सगळी मराठी माध्यमाची. स्पेलिंगं घोकून घोकून पोरं कंटाळतात, म्हणून गेल्या महिन्यात लॅटिन धातूंपासून, म्हणजे इंग्रजी शब्दांच्या लॅटिन मुळांपासून, सुरुवात केली.

पहिला शब्द लोकल ट्रेनमधलाच घेतला, ‘सबर्बन’. लॅटिनमध्ये ‘उर्ब्स’ म्हणजे शहर आणि ‘सब’ म्हणजे खाली किंवा लगत. आपलं ‘उपनगर’ अगदी तसंच बनलंय, हे कळल्यावर मुलांचे चेहरे बघण्यासारखे झाले! ‘टर्मिनस’ म्हणजे हद्द, शेवट. ‘पोर्तारे’ म्हणजे वाहून नेणं, त्यावरून इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, ट्रान्सपोर्ट. संस्कृत शिकणाऱ्यांना तर दंत-डेंटिस्ट, सप्त-सप्टेंबर ही जोडी लगेच पटली. (सप्टेंबर सातवा का, तर जुन्या रोमन पंचांगात वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं.)

अडलंय ते पुढे. ‘पेडेस्ट्रियन’मधला ‘पेड’ म्हणजे पाय, म्हणून एका मुलाने ‘पेडियाट्रिशियन’ला पायांचा डॉक्टर ठरवलं. पण त्यातला ‘पेड’ ग्रीक, मूल या अर्थाचा, म्हणून तो बालरोगतज्ज्ञ. शिवाय १०६६ नंतर इंग्लंडवरच्या फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन राजवटीत कितीतरी लॅटिन शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत आले, त्यांची रूपं इतकी बदललीत की मूळ ओळखूच येत नाही.

असे फसवे शब्द मुलांना आधीच सांगावेत की अडखळल्यावर? आणि पहिले वीस धातू निवडायचे तर कुठले घ्याल? शिकवण्याचा अनुभव असलेल्यांनी जरूर लिहा.