मदत हवी आहे: कलादालन चित्रे कशावरून विकत घेते?

घाटावरचा (नांदेड): मुंबईच्या एका कलादालनाने माझी पाच चित्रे मागवली, दोन ठेवून घेतली आणि तीन कोणतेही कारण न देता माझ्याच खर्चाने परत पाठवली. परत आलेल्यांत गोदावरीच्या घाटाचे माझे सर्वांत चांगले चित्र आहे; ठेवलेली दोन त्यामानाने साधीच आहेत. कोणते चित्र विकत घ्यायचे हे कोण आणि कशावरून ठरवते? पुढची चित्रे पाठवायची आहेत, तेव्हा उत्तर लवकर हवे.

परभणीकर: दालन खाजगी की सरकारी? चित्रांचा आकार आणि किंमत किती? शिवाय 'ठेवून घेतली' म्हणजे पैसे मिळाले का? यांपैकी काहीच न लिहिता उत्तर मागणे अवघड आहे.

लातूरचे कलाशिक्षक: १९५४ साली दिल्लीत सुरू झालेल्या नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टसारख्या संस्थेत खरेदीसाठी समिती असते. अशी समिती केवळ सुंदर चित्र शोधत नाही; आपल्या संग्रहात कोणता काळ, प्रदेश किंवा माध्यम अपुरे आहे, चित्राची मालकी निर्विवाद आहे का आणि कॅनव्हास, कागद व रंग कोठारात टिकतील का, हे ती पाहते. मागच्या बाजूला शीर्षक, वर्ष आणि माध्यम लिहिलेले नसेल, तर चांगल्या चित्राचीही अडचण होते. माझे ऐकाल तर आधी राज्य कला प्रदर्शनात चित्रे पाठवा.

कुंचला: गुरुजी, हे सरकारी खरेदीचे झाले. खाजगी दालने नव्या चित्रकाराची चित्रे सहसा विकत घेतच नाहीत. विक्रीसाठी ठेवतात आणि विकले गेल्यावर किमतीच्या एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत कमिशन कापतात. त्यामुळे आपल्या नेहमीच्या ग्राहकाला काय परवडेल आणि त्याच्या भिंतीवर काय मावेल, यावरच त्यांची निवड ठरते.

लातूरचे कलाशिक्षक: मग मुंबईच्या जहांगीर कलादालनात भाडे भरून स्वतःचे प्रदर्शन का लावू नये?

कुंचला: तेथे तारीख मिळेपर्यंत थांबण्याची त्यांची तयारी दिसत नाही. शिवाय प्रश्न निवडीचा आहे.

घाटावरचा: दालन अर्थातच खाजगी आहे, सरकारी असते तर तसे लिहिले असते. पैसे आलेले नाहीत, पावतीवर 'विक्रीनंतर हिशेब' एवढेच आहे.

परभणीकर: म्हणजे त्यांनी अद्याप काहीही विकत घेतलेले नाही आणि ती दोन्ही चित्रे आजही तुमच्याच मालकीची आहेत. मुदत, कमिशन, विमा आणि परतीचा खर्च कोणाकडे, हे सारे लेखी मागून घ्या. तोवर नवे चित्र पाठवू नका.

धाराशिवची वाचक: प्रताधिकार कायदा, १९५७ यातील कलम ५३अ नुसार मूळ चित्राची पुनर्विक्री १०,००० रुपयांहून अधिक किमतीला झाल्यास चित्रकाराला त्यात हिस्सा मागता येतो, तो १० टक्क्यांहून अधिक नसतो.

कुंचला: ताई, माहिती उपयोगाची आहे, पण येथे अजून पहिलीच विक्री झालेली नाही.

घाटावरचा: लेखी करार मागवतो. पण घाटाचे चित्रच परत का आले, हे कोणी सांगितले नाही. ते सहा फूट बाय चार फूट आहे.

कुंचला: ही मापे पहिल्याच ओळीत हवी होती. एवढे चित्र ग्राहक हाताशी असल्याशिवाय खाजगी दालन सहसा ठेवत नाही, कारण ते जागा अडवते आणि नव्या नावाला तेवढी किंमत देणारे थोडेच असतात. मोठ्याचे केवळ छायाचित्र मापांसह पाठवा आणि सोबत त्याच घाटाची दोन-अडीच फुटांची तीन-चार चित्रे द्या.