शब्दचर्चा: पुनर्जन्म की पुनरुत्थान? (बोलणारे आपापल्या गावाच्या नावाने)

डिचोली: शेजारच्या ख्रिस्ती मावशी वारल्या. महिन्याच्या मिसेला (चर्चमधल्या प्रार्थनाविधीला) जाताना घरच्यांना द्यायला मराठीत चार ओळी लिहिल्या: 'मावशींचा देवाघरी पुनर्जन्म होवो.' मुलगी म्हणते, चुकलं. मग 'पुनरूत्थान' लिहू? अर्थ एकच ना?

मडगाव: नाही हो. पुनर्जन्मात जुना देह सुटतो, नवा मिळतो आणि फेरा चालूच राहतो. पुनरुत्थानात तेच माणूस उठतं, पुन्हा न मरण्यासाठी. फोड करा: पुनर् + उत्थान. उत्थान म्हणजे उठून उभं राहणं. बायबलच्या नव्या करारातल्या ग्रीक 'अनास्तासिस'चा अर्थही हाच. 'नवा जन्म' आम्हा ख्रिस्ती लोकांतही आहे, पण तो जिवंतपणीच, बाप्तिस्म्यातला. कोकणीत आम्ही 'पुनर्जिवंतपण' म्हणतो.

फोंडा: शब्द संस्कृत, मग अर्थ वेगळा कसा?

मडगाव: तत्सम शब्द नवं घर करतात, भाऊ. फादर स्टीफन्सच्या क्रिस्तपुराणात (१६१६चं मराठी ख्रिस्ती काव्य) स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटलंय. तिथे विष्णू नाही.

मला स्वतःला 'सिमितेर' (ख्रिस्ती दफनभूमी) हा शब्द फार आवडतो. पोर्तुगिजांकडून आलेला, पण मूळ ग्रीक, आणि अर्थ निजायची जागा! निजलेल्याला कधीतरी कुणी हाक मारणार, हे त्यात आलंच. २ नोव्हेंबरला, अल्मांच्या (मृतात्म्यांच्या) दिवशी, तिथं मेणबत्त्या लावताना दरवर्षी हा अर्थ आठवतो. (आई मात्र मेण कबरीवर सांडलं म्हणून ओरडत असायची.) मराठी ख्रिस्ती 'प्रभूमध्ये निद्रिस्त' लिहितात, तेही त्याच धाग्यातलं.

काणकोण: नव्या करारात पौलानं करिंथकरांना लिहिताना शरीर 'पेरलं जातं' असं म्हटलंय. पुरणे आणि पेरणे, मराठीत एका मात्रेचा खेळ! आम्ही शेतकरी माणसं. भाताचा दाणा चिखलात गेला की दाणा म्हणून संपतो. कोंब आला की 'दाणा परत आला' असं कुणी म्हणत नाही, 'उगवला' म्हणतात. पुनरुत्थान मला या 'उगवला'च्या जवळचं वाटतं.

मडगाव: वा! डिचोली, तुम्ही फक्त व्याकरण सांभाळा: 'रु' ऱ्हस्व. उत्थानातला उ ऱ्हस्वच आहे.

डिचोली: नवीन ओळ: 'मावशी प्रभूमध्ये निजल्या आहेत, पुनरुत्थानाच्या तुमच्या आशेत आम्हीही सोबत आहोत.' मुलगी वाचून काही बोलली नाही. लिफाफ्यात घालायला घेऊन गेली.