पाठांतराची बक्षिसे आणि चारित्र्य: ख्रिस्ती घरांनी संस्कारांचे काम कोणावर सोपवले आहे?

मिशन कंपाउंड (अहिल्यानगर)

माझे म्हणणे आधीच मांडतो, म्हणजे चर्चा भरकटणार नाही. आपल्या मराठी ख्रिस्ती घरांनी मुलांवरील संस्कारांचे काम संडे स्कूल, धर्मशिक्षणाचे वर्ग आणि मे महिन्यातील सुटीची बायबल शाळा यांच्या गळ्यात घातले आहे, आणि या वर्गांनी पाठांतरालाच संस्कार मानले आहे. आपली मुले वचने अस्खलित म्हणतात, उपासनेत शांत बसतात, पाळकसाहेब घरी आले की उठून उभी राहतात. परंतु ज्यांच्याकडून शाबासकी मिळण्याची शक्यता नाही अशा माणसांशी ती कशी वागतात, याची चौकशी कोणी करत नाही.

यंदाच्या सुटीतील बायबल शाळेचा समारोप पाहा. दहा-अकरा वर्षांच्या एका मुलाने करिंथकरांस पहिल्या पत्रातला तेरावा, म्हणजे प्रीतीचा, अध्याय कोठेही न अडखळता म्हटला. टाळ्या झाल्या, स्टीलचा डबा बक्षीस मिळाला. थोड्याच वेळाने अल्पोपाहाराच्या रांगेत त्याच मुलाने दोन लहान मुलींना कोपराने मागे सारले आणि समोसे वाटणाऱ्या, आजोबांच्या वयाच्या चर्चच्या शिपायाला, 'ए, मला दोन दे,' असे फर्मावले. प्रीती गैरशिस्त वागत नाही आणि स्वार्थ पाहत नाही, हे त्याने नुकतेच ध्वनिक्षेपकावरून सांगितले होते! मी मुलाला दोष देत नाही. त्याचे वडील शेजारीच उभे होते आणि ते कौतुकाने हसले.

इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात मुलांना प्रभूच्या शिस्तीत वाढवण्याची आज्ञा बापांना आहे. संडे स्कूलच्या शिक्षिकेला नाही. बायबलमधील अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातही घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना मुलांशी बोलायला सांगितले आहे. म्हणून माझी सूचना अशी की, पाठांतराच्या स्पर्धा आणि बक्षिसे बंद करावीत आणि मुलांच्या वागणुकीची जबाबदारी उघडपणे घराकडे परत द्यावी.

वसईकर शिक्षक

या सूचनेला माझा स्पष्ट विरोध आहे. एका मुलाच्या उद्धटपणावरून पाठांतराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे हे न्यायाचे नाही. लहान वयात जे तोंडपाठ होते त्याचा अर्थ त्या वयात कळतोच असे नाही. तो पुढे कधीतरी, बहुधा आजारपणात किंवा घरातील मृत्यूच्या वेळी कळतो, आणि त्या वेळी तो कळावा म्हणून शब्द आधीच तोंडात असावे लागतात. शेजारच्या हिंदू घरांत मनाचे श्लोक आणि रामरक्षा याच विश्वासाने पाठ करून घेतात. आमच्या गावात संध्याकाळच्या रोझरीनंतर (जपमाळेच्या प्रार्थनेनंतर) मुलांनी थोरांचे आशीर्वाद घ्यायचे, ही पद्धत कित्येक घरांत अजून टिकून आहे. मुलाचे मन त्या क्षणी दूरदर्शन संचाकडे असते, हे मलाही दिसते. तरीही रोज एकदा थोरांपुढे वाकण्याची सवय शरीराला लागते आणि मन तिच्या मागोमाग येते.

पोप फ्रान्सिस यांनी 2016 साली कुटुंबजीवनावर जे प्रदीर्घ उद्बोधन प्रसिद्ध केले, त्यात हाच विचार आहे. माणूस स्वभावाने कितीही मनमिळाऊ असला, तरी 'कृपया', 'आभारी आहे' आणि 'क्षमा करा' असे म्हणण्याची सवय वडीलधाऱ्यांनी त्याला लावली नसेल, तर त्याच्या मनातील चांगुलपणा सहजासहजी बाहेर येत नाही, असे ते सांगतात. आधी सवय, मग समज.

राहिला घराचा प्रश्न. आमच्या वसई-विरार पट्ट्यात आईवडील दोघेही सकाळच्या गर्दीच्या लोकलने मुंबई गाठतात आणि रात्री जेवणाच्या वेळी परततात. निजताना आणि उठताना मुलांशी बोला, हे त्यांना व्यासपीठावरून सांगणे सोपे आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गाने हात वर केले, तर ते काम घराकडे परत जाणार नाही. ते मोबाइलकडे जाईल.

जुना सभासद

एवढी चर्चा कशाला? जो छडी आवरतो तो आपल्या मुलाचा वैरी होय, असे नीतिसूत्रांत स्पष्ट लिहिले आहे. आमच्या वडिलांनी आम्हांला झोडपले आणि आमचे काहीही बिघडले नाही.

मिशन कंपाउंड (अहिल्यानगर)

सर, शाळेत मुलांना मारणे 2009च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 17 नुसार निषिद्ध आहे, आणि जे शिक्षकाला निषिद्ध आहे ते बापाला शोभते, असे मला वाटत नाही. इफिसकरांस पत्रातील ज्या ओळीचा मी उल्लेख केला, तिची सुरुवातच मुलांना चिरडीस आणू नका, अशी आहे. छडीवर याहून अधिक लिहून धागा वळवू इच्छित नाही.

कॉलेजकन्या (पुणे)

वरील तिन्ही मतांत एक गोष्ट समान आहे: आज्ञाधारक मूल म्हणजे चांगले मूल, हे सर्वांनी गृहीत धरले आहे. माझ्या घरी संस्कार या नावाखाली जे काही शिकवले गेले, त्यातील मोठा भाग माझ्या कपड्यांची उंची, माझा हसण्याचा आवाज आणि संध्याकाळी सातच्या आत घरी येणे यांविषयी होता. भाऊ गायनमंडळाच्या सरावाचे निमित्त सांगून रात्री दहाला परतत असे आणि त्याचे ताट झाकून ठेवण्याचे काम माझ्याकडे असे. तरुण संघाच्या शिबिरात मुलींसाठी शालीनतेवर आणि मुलांसाठी नेतृत्वावर व्याख्यान ठेवले होते. मुलांना शालीनतेची गरज नाही, असे आयोजकांना का वाटले असावे, हे मी त्याच दिवशी विचारले. तेव्हा मला उद्धट ठरवण्यात आले.

लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात बारा वर्षांचा येशू आईवडिलांना न सांगता यरुशलेमेत मागे राहतो, मंदिरात गुरुजनांमध्ये बसून त्यांना प्रश्न विचारतो आणि आई रागावली तेव्हा तिलाही उलट प्रश्न करतो. त्यानंतर तो नासरेथास जाऊन त्यांच्या आज्ञेत राहिला, असे लिहिले आहे. आमच्याकडे मुलांच्या रविवारी प्रवचन होते ते नेहमी या शेवटच्या वाक्यावर. ज्याला प्रश्न विचारण्याची मुभा नाही, त्याचे आज्ञापालन हे चारित्र्य आहे की भीती, हे तुम्ही ओळखणार तरी कसे?

वसईकर सरांनी पोप फ्रान्सिस यांच्या लेखनातील सवयीचा भाग घेतला. त्याच प्रकरणात, मुलाच्या प्रत्येक हालचालीवर ताबा ठेवण्याचा ध्यास म्हणजे शिक्षण नव्हे, असेही त्यांनी बजावले आहे. तो भाग कोणीच का घेत नाही?

वसईकर शिक्षक

ताई, तुमच्या घरी भावाला जी सूट मिळाली तिचे समर्थन मी करणार नाही. परंतु तो सवयी लावण्याचा दोष नाही. अर्ध्याच मुलांना सवयी लावण्याचा दोष आहे. त्यावर उपाय म्हणून भावालाही ताट झाकायला लावावे. तुमच्यावरची शिस्त काढून घेण्याने तो सुधारणार नाही.

पुणे लष्कर

मला या चर्चेत एक पिढी गाळल्यासारखी वाटते. मूळ लेखकांच्या जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचे काम 1831 साली सुरू झाले आणि एकोणिसाव्या शतकात तेथे ख्रिस्ती झालेली कुटुंबे मोठ्या संख्येने महार आणि मांग समाजांतून आलेली होती. शिष्टाचार हा आपल्या पणजोबा-पणजींसाठी दिखाऊ सभ्यतेचा भाग नव्हता. ज्यांना गावाने कधी 'अहो' म्हटले नाही, ज्यांना पाटलाच्या ओट्यावर बसू दिले नाही, त्यांनी धुतलेले कपडे घालून सर्वांबरोबर एका बाकावर बसणे, एकमेकांना 'भाऊ' आणि 'बाई' म्हणून हाक मारणे आणि मुलीच्या हातात पाटी देणे, हा त्या काळी उघड दावा होता: आम्हीही माणसे आहोत. माझी आजी रविवारी इस्त्रीच्या पातळाशिवाय चर्चची पायरी चढत नसे. तिच्या त्या आग्रहाला कर्मठपणा म्हणण्याआधी थोडे थांबावे, एवढेच मला कॉलेजकन्येस सांगायचे आहे.

मात्र पुढच्या पिढ्यांत त्या दाव्याचे ओझे झाले. आपण संख्येने थोडे आहोत, आपल्या एका मुलाने गैरवर्तन केले की साऱ्या समाजाला नावे ठेवली जातील, हे वाक्य ऐकतच आम्ही मोठे झालो. मुलाने खोटे बोलू नये, याचे कारण खोटे बोलणे वाईट, असे सांगण्याऐवजी शेजारी काय म्हणतील, असे सांगितले गेले. असे मूल चारचौघांत नीट वागते आणि घराबाहेर, जेथे त्याला ओळखणारा कोणी नसतो तेथे, सैल सुटते. पहिल्या वर्षी वसतिगृहात गेलेल्या आपल्या मुलांचे जे होते ते अनेक पालकांना ठाऊक आहे. फक्त मंडळीत बोलले जात नाही.

मिशन कंपाउंड (अहिल्यानगर)

पुणे लष्कर यांचा इतिहासाचा मुद्दा मला पूर्णपणे पटतो आणि त्यामुळेच समोशांच्या रांगेतील 'ए' मला अधिक बोचतो. ज्यांच्या पूर्वजांनी सन्मानाने हाक मारली जावी म्हणून धर्म आणि गाव दोन्ही बदलले, त्यांच्या नातवंडाने आपल्याच मंडळीतील शिपायाला तशी हाक मारावी, यात पाठांतर कोठे कामी आले? बक्षिसे बंद करण्याच्या सूचनेवर मी ठाम आहे. स्टीलच्या डब्यासाठी शिकलेला अध्याय डबा मिळाला की संपतो. त्याऐवजी दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्म्यातील विश्वास पक्का करण्याच्या विधीच्या, वर्गातील मुलांना अंथरुणाला खिळलेल्या सभासदांच्या घरी नियमाने पाठवावे, चर्चची झाडलोट आणि वाढपाचे काम शिपायाबरोबर करायला लावावे.

वसईकर शिक्षक

हेही करून पाहिले आहे, सर. धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांना आजारी माणसांच्या भेटीला पाठवले, तर पलंगाशेजारी उभे राहून काढलेली छायाचित्रे त्याच रात्री व्हॉट्सॲपवर फिरली आणि आयांनी भेटींच्या नोंदवहीत सही घेण्यासाठी धावपळ केली. स्पर्धा पाठांतरातच असते असे नाही. ती सेवेलाही चिकटते. तुम्ही रांगेतले जे दृश्य सांगितले, त्यात चुकलेला माणूस मला एकच दिसतो, आणि तो म्हणजे हसणारे वडील. बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाला विश्वासात वाढवण्याचे वचन आईवडील आणि धर्ममातापिता देतात. त्यानंतर प्रथम कम्युनियन (प्रभुभोजनात पहिल्यांदा सहभागी होणे) आणि दृढीकरण यांसाठी वर्ग भरतात ते मुलांचे. वडिलांची उजळणी कोणी घेत नाही.

मिशन कंपाउंड (अहिल्यानगर)

मग पालकांचा वर्ग सुरू करण्याला आपला पाठिंबा आहे, असे समजू का? पाठांतरावर आपले एकमत होणार नाही, हे दिसतेच आहे.

वसईकर शिक्षक

पाठिंबा आहे, परंतु पाठांतर चालू ठेवून.

कॉलेजकन्या (पुणे)

पालकांचा म्हणाल तर आयाच येतील आणि वडील गाडीत बसून मोबाइल पाहतील. वर्ग वडिलांचा म्हणूनच जाहीर करावा, आणि अल्पोपाहार वाढण्याचे काम त्यांच्याकडेच द्यावे.