कल्याण–मुरबाड–ओतूर–आळेफाटा एसटी: तिकीट आणि जागा

कल्याणहून ओतूर-आळेफाट्याला जाताना मुरबाडला उतरून पुढची गाडी धरली तरी भाडं थेट तिकिटाएवढंच पडतं, असं काही जण म्हणतात. ते पटत नाही. एसटीचं भाडं किलोमीटरवर नाही, सहा किलोमीटरच्या टप्प्यावर लागतं आणि अपुरा टप्पाही पूर्ण धरला जातो. प्रवास तोडला की अपुरा टप्पा दोनदा भरावा लागू शकतो. त्यामुळे ओतूर किंवा आळेफाट्याला जायचं असेल तर कल्याणहूनच थेट तिकीट काढावं. सवलतीचं तिकीट असलं तरी टप्प्याचा हिशोब तोच.

मुंबईकरांनी लोकलने कल्याणला उतरून एसटी जिथून सुटते तिथेच गाडीत बसावं. बाजाराच्या दिवशी वाटेतल्या फाट्यावर हात दाखवलात तर भरलेली गाडी थांबेलच असं नाही, आणि थांबलीच तर पाटी-पोत्यांच्या गर्दीत उभं राहून अख्खा माळशेज घाट चढावा लागतो. शेवटचा बाक टाळाच! तो मागच्या चाकांच्याही मागे असतो, त्यामुळे प्रत्येक खड्ड्याला जोरात उसळतो. ज्यांना घाट लागतो त्यांनी तर दोन्ही चाकांच्या मधली, खिडकीची जागा धरावी. शिवाय चढताना गाडीवरची पाटी बघा आणि गाडी साधी की जलद ते कंडक्टरला विचारा, जलद गाडी प्रत्येक फाट्यावर थांबत नाही.