रिपोर्टात जंतूचं नाव आलं, म्हणजे मासे का मेले ते कळलं का?

भीमाकाठ
पंढरपूरकडच्या एका शेततळ्यातली चिलापी गेल्या उन्हाळ्यात पटापट मेली. तपासणीत स्ट्रेप्टोकोकस हा जीवाणू निघाला, दुकानदाराने खाद्यातून द्यायला अँटिबायोटिक दिलं आणि सगळे म्हणाले, कारण सापडलं. मला हे अजिबात पटत नाही. तळं निम्म्यावर आलेलं, मासे तेवढेच, लाइट गेली की पाण्यात हवा सोडणारा एरेटर बंद. पहाटे मासे तोंड वर काढून हवा ओढत होते. एकाचा कल्ला उघडून पाहिला, तर लालभडक असायचा तो फिका पडलेला, वर शेंबडासारखा थर.

नॉर्वे-स्कॉटलंडच्या समुद्रात पिंजऱ्यात वाढवलेल्या सॅमनचं बघा. एकाच कल्ल्यात अमीबा, विषाणू आणि सूक्ष्म परजीवी सोबत सापडतात. त्यात जेलीफिशचा मारा. जाळी पाण्यातच धुतली की तिच्यावर वाढलेल्या हायड्रॉइडचे (जेलीफिशच्या जातकुळीतल्या जिवांचे) तुकडे सुटतात आणि कल्ल्यांना डंख करतात. अंगाला चिकटणाऱ्या समुद्री उवा काढायला मासा साधारण ३० अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट ठेवतात. कल्ला आधीच दुखावलेला असेल तर तेवढ्यानेही मासा दगावतो. आता यातलं कुठलं एक कारण धरणार?

मोहोळचा मत्स्यशेतकरी
भाऊ, सगळंच कारणीभूत म्हटलं की कशावरच इलाज होत नाही. नॉर्वेचंच घ्या. १९८७ मध्ये तिथे जवळपास ५० टन अँटिबायोटिक माशांना दिलं गेलं. पुढे फुरुनक्युलोसिस या जीवाणूच्या आजारावर तेलमिश्रित लस आली आणि १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत, उत्पादन वाढत असतानाही, ते दोन टनांच्या आत आलं. समुद्र तोच, पिंजरे तेच. सॅमनच्या पिल्लांना मारणाऱ्या आयपीएन विषाणूचंही तसंच: प्रतिकारशक्ती बरीचशी जनुकसंचातल्या एका जागेवर ठरते हे कळलं, तशी पिल्लं निवडली आणि साथी झपाट्याने कमी झाल्या. शेतकऱ्याचा पैसा एकाच ठिकाणी लागू शकतो. तो कुठे लावायचा ते सांगा.

सीनेकाठची
दादा, लसीचं श्रेय मान्य. 'पिंजरे तेच' मात्र मान्य नाही. एका जागी एकाच वयाचे मासे ठेवायचे, काढणीनंतर जागा रिकामी सोडायची, हे नियमही तेव्हाच रुजले. चिलीत २००७ मध्ये सॅमनला रक्तक्षय करणाऱ्या आयएसए विषाणूची साथ आली, तेव्हा फार्म एकमेकांना खेटून होते, त्याच होड्या इकडून तिकडे फिरत होत्या, माशांवर उवा होत्या. अटलांटिक सॅमनचं उत्पादन पुढे निम्म्याहून खाली गेलं.

आणि आपल्याकडे १९८८ मध्ये ईशान्येकडून आलेला ईयूएस, माशांचा जखमांचा रोग? मरळ, मृगळ यांच्या अंगावर लाल चट्टे, मग खोल जखमा. जंतू बुरशीसारखा, ॲफॅनोमायसिस, पण त्याचा जोर पाणी गार पडल्यावर आणि कातडी आधीच खरचटलेली असेल तर.

मोहोळचा मत्स्यशेतकरी
ताई, तो जंतू नसता तर नुसत्या गार पाण्याने ईयूएस झाला असता का? नाही ना? मग नाव कळणं आधी.

भीमाकाठ
नाव कळायलाच हवं. माझा राग आहे तो नाव कळल्यावर बाकीचं मोजणं थांबतं याच्यावर. पीआरव्ही विषाणूच सॅमनच्या हृदयाचा आजार घडवतो, हे २०१७ मध्ये शुद्ध केलेला विषाणू टोचून सिद्ध झालं. तरी तो अंगात असूनही धडधाकट राहणारे सॅमन भरपूर आहेत. रिपोर्टाला पहाटेचा ऑक्सिजन, अमोनिया आणि तळ्यात मासे किती, एवढं तरी जोडा.

उजनी बॅकवॉटर
मोजून पुढे काय करू, मालक? उजनी धरण मायनसमध्ये, म्हणजे वापरायच्या साठ्याच्याही खाली गेलं की माझ्या तळ्याला नवीन पाणी मिळत नाही. बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) कमी सोडली तर कर्जाचा हप्ता निघत नाही.

भीमाकाठ
बोटुकली हवी तेवढी सोडा, पण पाणी उतरायच्या आत अर्धा माल काढा. लहान विकला जाईल, पण विकला जाईल.

मोहोळचा मत्स्यशेतकरी
हे मी करून बघायला तयार आहे. पण पाव किलोच्या चिलापीला सोलापूरच्या बाजारात भाव कोण देतो, ते आधी सांगा.