मदत हवी आहे: मामेबहिणीला आधार द्यायचाय, पण मीच तिला तोडून बोलले

नमस्कार. नाव-गाव मुद्दाम देत नाही.

माझी मामेबहीण, वय 34, दोन मुलं. नवरा हात उचलतो हे घरात सगळ्यांना माहीत आहे. "भांड्याला भांडं लागायचंच" म्हणून मामी विषय संपवते. बहीण शाळेत शिकवते, पण एटीएम कार्ड नवऱ्याकडे. बसच्या तिकिटालाही त्याच्याकडे हात पसरायचा. रोज रात्री तो तिचा मोबाइल तपासतो. माराचे वळ चार दिवसांनी जातात, पण या रोजच्या झडतीने ती पार खचली आहे.

दिवाळीनंतर मुलांना घेऊन माझ्याकडे आली, आठ दिवस राहिली. मग तो आला, रडला, मुलांच्या शपथा घेतल्या आणि ती परत गेली. मी संतापून म्हणाले, "आता पुन्हा माझ्या दारात येऊ नकोस." तेव्हापासून ती फोन उचलत नाही. आठवलं की पोटात तुटतं.

2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा वाचला. पैसे अडवणं, अपमान करणं हीही त्यात हिंसाच आहे. घर तिच्या नावावर नसलं तरी तिथे राहायचा तिला हक्क आहे. या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला तिऱ्हाईतही कळवू शकतो. पण मी कळवलं आणि त्याने तिच्यावरच राग काढला तर? तिच्याशी पुन्हा बोलू तरी कशी?

प्रतिसाद

ताई, मी यातून गेले आहे. मीही तीनदा परत गेले होते. मुलं, लोक काय म्हणतील, आणि या वेळी तो खरंच सुधारेल ही आशा. तुमच्या बहिणीला मूर्ख समजू नका.

तिला विचारल्याशिवाय तक्रार नको. बाई घर सोडायला निघते तोच काळ सगळ्यात धोक्याचा असतो. जिवावर बेतलंय असं दिसलं तर मात्र लगेच 112 लावा. मोबाइलवर यातलं एक अक्षरही लिहू नका. शाळेत जाऊन भेटा, आधी माफी मागा. कायदा पहिल्या भेटीत काढू नका.

ती तयार झाली की संरक्षण अधिकारी तिचं म्हणणं लिहून घेतात, घरगुती घटना अहवाल करतात, तो न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत असं कायदा म्हणतो, माझी खूप उशिरा लागली. मनाची तयारी ठेवा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, तिला पगार असला तरी. 181 या महिला हेल्पलाइनवर आधी नुसतं बोलताही येतं. मुलांचे जन्मदाखले, आधार, पासबुक यांच्या झेरॉक्स तुमच्याकडे राहू द्या.

धागाकर्ती

शनिवारी तिची सकाळची शाळा असते. सुटायच्या आधीच फाटकाशी जाऊन थांबते.